लाडू आणि जिलेबीसाठी दोन खणांचं कपाट

फेब्रुवारीतल्या एका रात्री अकराच्या सुमाराला मुलगी जिन्यातून ओरडली, "आई, जिलेबी नाहीये!" दुसऱ्या कुठल्याही मराठी घरात या वाक्याने कुणी जागचं हललं नसतं. आमच्याकडे नवरा पाय वर घेऊन सोफ्यावर उभाच राहिला.

जिलेबी म्हणजे आमची कॉर्न स्नेक. अडीच फूट लांब, अंगठ्याएवढी जाड, केशरी अंगावर विटकरी ठिपके. तिच्या आधीपासून घरात असलेला लाडू हा बॉल पायथन. घाबरला की डोकं मधोमध घेऊन असा गच्च गोळा होतो, की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. दोन्ही बिनविषारी. आम्ही अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला राहतो. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर झेन्सव्हिलला २०११ साली एका माणसाने स्वतःकडचे वाघ, सिंह, अस्वलं पिंजऱ्यांतून सोडून दिली होती. त्यानंतर २०१२ मध्ये राज्याने धोकादायक प्राण्यांसाठी कडक कायदा केला. त्यात विषारी साप आहेत, अजस्र अजगर आहेत. हे दोघे नाहीत. भारतातून वाचणाऱ्यांनी मात्र यातून काही मनावर घेऊ नये. आपले नाग, धामण, दिवड घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

तर जिलेबी नव्हती. ती राहायची काचेच्या टाकीत, वर जाळीचं झाकण, चार कोपऱ्यांना चार चिमटे. मागचा एक चिमटा सैल झाला होता. तेवढं पुरलं. तीन दिवसांनी ती टीव्हीच्या कपाटात राऊटरच्या मागे सापडली. बाहेर उणे दहा, आणि घरात चोवीस तास ऊब देणारी ती एकच जागा तिने शोधून काढली होती. नवऱ्याने ते तीन दिवस बूट झटकल्याशिवाय पाय घातला नाही.

माझं बालपण बत्तीस शिराळ्याचं. तिथल्या माणसाला सापांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. नागपंचमीच्या आधी पकडून आणलेले नाग मडक्यात ठेवलेले, तोंडाला फडकं बांधलेलं, हे मी लहानपणी पाहिलंय. न्यायालयाच्या आदेशानंतर आता जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक बंद झाली. पण त्याच शिराळ्यात पाऊस तोंडावर आला की आई शेणमाती कालवून भिंतीच्या बुडातली एकेक फट लिंपून काढायची. नाग पूजेला मडक्यात चालायचा, घोंगडीत नाही. लहानपणभर मी साप आत येऊ नये म्हणून फटी बुजवताना पाहिलं, आणि आता चाळिशी उलटल्यावर साप बाहेर जाऊ नये म्हणून तेच काम माझ्या वाट्याला आलं.

खरं तर फटीपेक्षा मोठं दुखणं लाडूचं होतं. इथल्या हिवाळ्यात घर भट्टीच्या गरम हवेवर चालतं आणि ती हवा सगळं ओढून घेते. आपल्या टाचा फुटतात, ओठ फुटतात. घरातली आर्द्रता पंचवीस टक्क्यांवर येते. लाडूचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, त्याला साठच्या पुढे हवी. वरची जाळी उघडी असल्यामुळे टाकीत कितीही पाणी फवारलं तरी तासाभरात कोरडं. जाळीवर अॅल्युमिनियम फॉइल लावून पाहिलं, ओला टॉवेल टाकून पाहिला. जानेवारीत त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि उजव्या डोळ्यावरची चकती तशीच राहिली. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. पशुवैद्य म्हणाल्या, ओढू नका, दमटपणा वाढवा. तीन आठवडे तो साप एका डोळ्याने धुरकट बघत होता आणि मुलगी रोज रात्री त्याला ओल्या शेवाळाच्या डब्यात बसवत होती.

लाकडी पेटीत ऊब आणि ओल दोन्ही धरून राहतात, हे वाचलं होतं. तयार पेट्याही मिळतात, पीव्हीसीच्या, देखण्या. दोन पेट्यांची किंमत पाहिली आणि मी नवऱ्याला म्हटलं, "गाडी काही दिवस बाहेर लाव, मला गॅरेज हवंय."

आराखडा सोपा होता. एकावर एक दोन खण, प्रत्येक खण चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. दोघांना एकत्र ठेवायचा प्रश्नच नव्हता. यांना सोबत लागत नाही, आणि कॉर्न स्नेक दुसऱ्या सापाला खाऊही शकते. खाली लाडू, वर जिलेबी. प्लायचं एक पान चार बाय आठ फुटांचं. त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात. तळ, मधला फळा, माथा असे तीन, पाठी दोन, आणि दोन तुकडे निम्मे कापून चार बाजू. एकूण सात. दोन पानांतून आठ निघतात, म्हणजे एक उरतो, त्यातून दर्शनी पट्ट्या. कागदावर हे इतकं चोख बसलं की मी तो कागद फ्रिजवर लावला.

दुकानात पान कापून देणाऱ्या पोराने कागद बघितला आणि विचारलं, पात्याचं काय? करवतीचं पातं दर कापाला स्वतःच्या जाडीइतकं, साधारण तीन मिलिमीटर, लाकूड खातं. आठ फुटांत तीन काप म्हणजे नऊ मिलिमीटर भुसा. शिवाय इथे पाऊण इंची म्हणून विकलं जाणारं प्लाय पाऊण इंची नसतंच, ते एक इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले तेवीस भरतं. टू-बाय-फोर नावाचा वासा दीड बाय साडेतीन असतो, त्यातला हा प्रकार. आठही तुकडे सारखेच, दोन-तीन मिलिमीटर कमी कापून घेतले. "सारखे कमी असले की कमी नसतात," असं तो पोरगा म्हणाला, आणि सुतारकामातलं मला आजवर पटलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच.

मे महिन्यात आई आली होती, सहा महिन्यांसाठी. विमानतळावरून घरी येताना नात मागच्या सीटवरून तिला लाडू-जिलेबीबद्दल सांगत होती. आईला वाटलं फराळाचं चाललंय. घरी आल्यावर टाकीसमोर उभी राहिली, दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाग न्हाई न्हवं?"

"नाही आजी. पायथन. अजगराचा छोटा कझिन."

"मग हात का धुतलं न्हाईस धरल्यावर?"

हा नियम तेव्हापासून दोघींनी मिळून कडक केला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे हात साबणाने धुवायचे आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये आणायची नाहीत. गोठवलेल्या उंदरांसाठी तळघरात वेगळा छोटा फ्रीझर आहे. आई तिकडे फिरकली नाही, पण नावही ठेवलं नाही. "खायला तर लागणारच की त्याला," एवढंच.

जोडणीचा मुहूर्त मी ऑगस्टमधल्या एका दिवशी काढला आणि दर्शनी पट्ट्या कापायला करवत हातात घेतली, तर आई गॅरेजच्या दारात. "आज पंचमी हाय." नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी म्हटलं, अगं, सापाचंच घर बांधतेय. "मग तर अजिबात नको." करवत खाली ठेवली. त्या दिवशी पुरणाचे दिंड उकडले, मुलीने टाकीच्या काचेला बाहेरून हळदकुंकू लावलं, लाडू नेहमीप्रमाणे बिळात झोपलेला होता. दुधाचं कुणी नाव काढलं नाही. साप दूध पितो यावर शिराळ्याच्या बाईचा विश्वास असेल अशी माझी उगीच समजूत होती. "तहानलेला असला तर काय बी पितो," आई म्हणाली.

पुढच्या शनिवारपासून काम लागलं. सांध्याला लाकडाचा गोंद, मग क्लॅम्प, मग सहा-सहा इंचांवर स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर पापुद्रे फाकतात. एक फाकवला तेव्हा कळलं. काटकोन बघायला माझ्याकडे गुण्या होता, पण चार फुटांच्या पेटीला एवढासा गुण्या काय सांगणार? त्यापेक्षा दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे आले तर चौकट काटकोनात. आमचे पाच मिलिमीटरने वेगळे आले. गोंद ओला होता तोवर मी आणि नवऱ्याने दोन विरुद्ध कोपरे धरून अंग टाकलं, पेटी करकरली, आणि फरक दीडवर आला. नवऱ्याचा या सगळ्या कामातला प्रत्यक्ष सहभाग एवढाच, आणि तो निर्णायक होता हे तो आजही पाहुण्यांना सांगतो.

मग आतून लाकूड बंद करायचं काम. सापाच्या पेटीत ओल असते, पाण्याचं भांडं सांडतं, घाण होते. उघडं प्लाय वर्षभरात फुगेल. पाण्यावर चालणाऱ्या पॉलियुरेथेन व्हार्निशचे चार हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. पहिले दोन हात छान बसले. तिसरा दिला तेव्हा ऑक्टोबर लागला होता आणि त्या रात्री थंडीने अचानक दात दाखवले. सकाळी बघते तर आतला पृष्ठभाग दुधाळ, बोट लावलं की चिकट. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अमुक तापमानाच्या खाली लावू नये. गॅरेजमध्ये त्या रात्री पाच अंश होतं. तो सगळा हात घासून काढला. एवढी जड पेटी चौघांनी उचलून बैठकीत आणली आणि उरलेलं काम तिथेच, सोफ्यावर चादरी टाकून. महिनाभर आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने दारातच विचारलं, रंगकाम काढलंय का?

सुकणं आणि पक्कं होणं यात फरक आहे. हाताला कोरडं लागलं तरी वास येत राहतो, आणि तो वास म्हणजे अजून काहीतरी उडून जातंय. बंद पेटीत चोवीस तास राहणाऱ्या सापाच्या फुफ्फुसांनी ते का सोसावं? मी तीन आठवडे थांबले. आतले सांधे सिलिकॉनने भरले, तेही मत्स्यालयाचं, बुरशीनाशक नसलेलं. न्हाणीघरातल्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं. मी भरलेल्या सिलिकॉनला मात्र सुकताना व्हिनेगरसारखा वास येत होता. आई म्हणाली, लोणचं बिघडलंय कुठंतरी.

काचेची हकीकत सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. दर्शनी बाजूला दोन सरकत्या काचा, प्लास्टिकच्या दुहेरी खोबणीतून. खोबणी दोन प्रकारच्या मिळतात. एक सोळा मिलिमीटर खोल, दुसरी फक्त सहा. खोल असते ती वर लावायची. काच आधी वरच्या खोबणीत पूर्ण घुसवायची, बुड आत घ्यायचं आणि खालच्या उथळ खोबणीत सोडायची. काढताना उलट. बिनखिळ्याचं, बिनबिजागरीचं दार. मी मात्र असा विचार केला की वजन खाली येणार, म्हणजे खोल खोबण खालीच हवी. घट्ट चिकटवल्या, वर स्क्रूही मारले. काचवाल्याकडून सहा मिलिमीटरच्या टफन काचा कडा घासून आणल्या. मापं त्याच्या नियमाने, म्हणजे आतल्या अंतरापेक्षा आठ मिलिमीटर कमी. काच खालच्या खोबणीत ठेवली, ती झपकन तळाला गेली, आणि वरची कड सहा मिलिमीटरच्या खोबणीच्या दोन मिलिमीटर खाली येऊन थांबली. म्हणजे वर कशातच नाही. काच सावकाश माझ्या अंगावर झुकली आणि मी ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात. आई आतून आली, बघितलं, आणि म्हणाली, "ह्येला वरनं कोण धरणार हाय?"

टफन काच एकदा बनली की कापता येत नाही. कापायला गेलात की तिची साखर होते. त्यामुळे काचा तशाच ठेवून खोबणी काढल्या. हेअर ड्रायरने गोंद मऊ करत, पातळ पटाशीने खरवडत, अख्खा रविवार. दोन खणांच्या चार खोबणी. एक मोडली, नवीन आणली. पुन्हा लावण्याआधी प्रत्येकीवर पेन्सिलने "वर" आणि "खाली" लिहिलं. ते अजून दिसतं.

कुलूप मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. सराफाच्या काउंटरच्या काचांना असतं ना, दातेरी पट्टीवरून सरकणारं, तेच. एका काचेला पट्टी अडकवायची आणि कुलूप सरकवत आणून दुसरीला भिडवायचं. साप नाकाने काच ढकलत ढकलत उघडतो, त्यामुळे कुलूप ही चैन नाही. उरली दोन काचांच्या मधली उभी फट. आईची फट मोजायची पद्धत करंगळीची. करंगळीचं टोक गेलं की फट मोठी. संध्याकाळी दिवे मालवून आम्ही पेटीच्या आत टॉर्च ठेवला आणि बाहेरून कुठे उजेडाची रेघ दिसते ते बघितलं. मागच्या कोपऱ्यात वायरच्या भोकाशी एक, काचांच्या मध्ये एक. वायरच्या भोकाला रबरी बूच, काचेला पारदर्शक पट्टी. आईने सगळीकडून करंगळी फिरवली तेव्हा मला एकदम तिची शेणमातीने भरलेली बोटं आठवली.

आता ऊब. माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच, आणि इथेच मी काय बांधतेय हे मला पहिल्यांदा नीट समजलं. सापाला स्वतःची उष्णता नसते. पचवायला, लढायला, सगळ्याला बाहेरची ऊब घ्यायची आणि जास्त झाली की बाजूला सरकायचं, हीच त्याची सगळी व्यवस्था. म्हणून पेटी सारखी उबदार असून चालत नाही. लाडूला एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश हवं, दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास. जिलेबीला एका टोकाला तीसपर्यंत, दुसऱ्याला बावीस-तेवीस. दोन्ही टोकांना लपायला एकेक बीळ, नाहीतर साप भीतीपायी चुकीच्या तापमानात बसून राहतो. दगडासारखा दिसणारा विजेवर तापणारा खडक मिळतो, तो घेऊ नये. साप त्याच्यावर बसतो आणि पोट भाजेपर्यंत उठत नाही. मी प्रत्येक खणाच्या छताला एक सपाट हीटर पॅनेल लावलं, थर्मोस्टॅटवर.

आणि आठवडाभर रिकामी पेटी चालवून बघितली. मुलगी रोज विचारायची, आज ठेवूया? मी म्हणायचे, थांब. तो आठवडा थांबले नसते तर काय झालं असतं ते ऐका.

तिसऱ्या दिवशी लेझरच्या तापमापीने लाडूच्या खणातल्या बिळाचं छप्पर मोजलं: चव्वेचाळीस अंश. थर्मोस्टॅट दाखवत होता तीस. त्याचा सेन्सर मी जमिनीवर ठेवला होता आणि वर नारळाचा भुसा पसरताना तो भुशात गाडला गेला होता. भुसा म्हणजे गोधडीच. सेन्सरला खाली गारच वाटत होतं, म्हणून हीटर तापत राहिला. साप असता तरी हेच झालं असतं, कारण साप भुसा उकरतो, वायरीवर बसतो, सेन्सर ओढतो. मग सेन्सर बिळाच्या छपराच्या उंचीवर भिंतीला क्लिपने पक्का केला आणि वायर शेवटपर्यंत पट्टीखाली घेतली.

दुसरी चूक जास्त छुपी. खालच्या खणाचा हीटर डावीकडे, वरच्याचा उजवीकडे, असं मी मुद्दाम केलं होतं, मागच्या वायरी एकमेकींत गुंतू नयेत म्हणून. वरचा खण मोजला. उजवीकडे तीस, बरोबर. डावीकडे तेवीस हवं, तिथे जमिनीलाच अठ्ठावीस-एकोणतीस! दोनदा मोजलं. मग हात ठेवून बघितला. खालच्या खणाचं छत म्हणजेच वरच्या खणाची जमीन. लाडूचा हीटर जिलेबीची जमीन तापवत होता. गार टोकच राहिलं नव्हतं.

आईला मी हे समजावून सांगत होते, दोन खण, एक फळा, उष्णता वर जाते वगैरे. तिने मध्येच तोडलं. "म्हंजे तिला सरकायला जागाच न्हाई ठेवलीस. म्हस बी उन्हातनं सावलीला सरकती."

तोवर मी सगळा जीव फटींवर लावला होता. साप बाहेर जाऊ नये याची एवढी तजवीज केली, पण आत त्याला कुठे जायला मिळावं याचा विचार वायरींच्या सोयीने केला होता. वरचा हीटर काढून डावीकडे नेला, खालच्याच्या बरोबर डोक्यावर. आता दोन्ही खणांची डावी बाजू उबदार, उजवी गार. वरच्या हीटरला फार काम उरलं नाही, अर्धं काम लाडूचाच हीटर करतो. वायरी मागे गुंतल्या आहेत. असू देत.

हवेचं थोडक्यात सांगते. गार टोकाला खाली एक आणि उबदार टोकाला वर एक, अशा दोन गोल जाळ्या प्रत्येक खणाला लावल्या होत्या. ऊन हवा वरून निघते आणि गार हवा खालून ओढली जाते. चाचणीत लाडूचा खण नव्वद टक्क्यांच्या वर गेला, काचेवरून पाणी ओघळायला लागलं. दमट हवं म्हणजे ओलंचिंब नव्हे, त्याने फुफ्फुसाचे आजार होतात आणि पोटाचे खवले सडतात. आणखी दोन भोकं पाडली, कापलेल्या कडा पुन्हा पॉलिशने बंद केल्या. आता तो सत्तरच्या आसपास असतो, भर हिवाळ्यात, आणि मी चार दिवसांतून एकदा भुशाच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतते, बस.

खर्च सगळा मिळून साडेचारशे डॉलरच्या आत बसला, मोडलेली खोबण धरून. तयार पेट्यांच्या निम्म्याहून कमी. माझे अकरा शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. ते धरले तर पेट्या विकत घेणं स्वस्त पडलं असतं, असं नवऱ्याचं गणित आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांना हलवलं. जिलेबी काच सरकवल्याबरोबर आत शिरली, खणाच्या चारी कडांना नाक लावत एक पूर्ण फेरी मारली, अगदी आईच्या करंगळीच्या वाटेनेच, आणि चौथ्या दिवशी उंदीर खाल्ला. लाडू गार टोकाच्या बिळात गेला तो गेलाच. एक आठवडा, दोन, पाच. खाणं बंद. बॉल पायथनचं हे असतंच, जागा बदलली की महिना महिना उपास काढतात. दर आठवड्याला वजन करायचं आणि ते टिकून असेल तर गप्प बसायचं, एवढंच हातात असतं. मुलीचं तोंड तेवढं उतरलेलं. आई भारतात परतली तेव्हाही तो जेवलेला नव्हता आणि विमानतळावर तिचा शेवटचा प्रश्न तोच होता. सहाव्या आठवड्यात एका रात्री तो उबदार टोकाकडे आलेला दिसला. चिमट्यात धरलेला उंदीर त्याने असा झडप घालून घेतला की मुलीच्या हातातून चिमटाच पडला.

जानेवारीत त्याचे डोळे निळसर झाले. साप कात टाकणार असला की तसे होतात. आम्ही कुणी काही बोललो नाही, पण रोज सकाळी ब्रश तोंडात धरून आधी सगळे कपाटापाशी. बाराव्या दिवशी कात पडलेली होती. बिळाच्या तोंडापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत एकसलग, मोज्यासारखी उलटी झालेली. मुलीने ती ओल्या हातांनी उचलली, डोक्याकडचा भाग दिव्यासमोर धरला. डोळ्यांच्या जागी दोन गोल चकत्या. दोन्ही.

आईला लगेच व्हिडिओ कॉल लावला. कात जेवणाच्या टेबलावर पसरली, मी कपाटाचंच माप घ्यायला वापरलेली टेप आणली आणि मुलीने मोजली. चार फूट दोन इंच. तिचा चेहरा पडला. "आई, खण चार फुटांचा आहे. लहान पडला!"

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. गॅरेज पुन्हा रिकामं करावं लागणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आगं, कात लांबच भरती," पलीकडून आई. खवल्यांच्या मधली घडी उलगडते, त्यामुळे कात नेहमी सापापेक्षा लांब असते, हे मी वाचलेलं असून त्या क्षणी विसरले होते. "सापाला लाव टेप, सापाला."

मी खण उघडला, एका हाताने टेप ओढली, दुसऱ्याने लाडूला बाहेर घेतलं. त्याने एकदा टेपकडे जीभ काढली आणि डोकं मधोमध घेऊन गच्च गोळा झाला.